अकरा कलमे आणि एक निशाणी

जयसिंग, मी अजूनही तुझ्यावर रागावलेलो आहे, हे प्रथमच नोंदवून ठेवतो. गेलेल्या माणसावर रागावू नये असा संकेत आहे. तसा कायदा नाही. तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी नगरपालिकेला एक, एस.टी.च्या अधिकाऱ्यांना एक आणि वर्तमानपत्राला एक, अशी तीन पत्रे लिहायला घेतली आणि तिन्ही अर्धवट ठेवली. माझ्या हातून पूर्वी असे कधी झालेले नाही. पहिला मसुदा तुला दाखवायचा, ही सवय. तू शांतपणे वाचायचास आणि म्हणायचास, "नाना, दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही साहेबांना गाढव म्हटलंय. तिसऱ्यात म्हटलं तर जास्त शोभेल. दुसऱ्यात अजून पुरावा आलेला नाही." आता गाढवाची जागा मला कोण दाखवणार?

आपल्या चित्रपट मंडळाच्या चिटणिसांनी या अंकासाठी तुझ्यावर चार पाने मागितली. "जन्म, शिक्षण, नोकरी, मंडळाची स्थापना, असं काहीतरी लिहा," ते म्हणाले. ते सर्व तुझ्या सेवापुस्तकात आहे. ज्याला हवे त्याने रीतसर अर्ज करावा. मला तुझ्याशी बोलायचे आहे. आपला एक वाद प्रलंबित आहे. पक्षकार मेला म्हणून प्रत्येकच दावा संपत नाही; काही दावे वारसांकडे जातात आणि काही उरलेल्या पक्षकाराच्या मानगुटीवर बसतात. हा दुसऱ्या प्रकारचा आहे.

ज्यांना आपण दोघे ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की धुळ्याच्या कोर्टात मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आणि तू त्याच कोर्टात नक्कलनवीस होतास. तळोद्यापलीकडच्या एका भिल्ल पाड्यावरून आलेला, दोंडाईच्याला आगगाडीतून उतरून एस.टी.ने धुळ्याला पोचलेला मुलगा. लोकांना हव्या असलेल्या निकालपत्रांच्या प्रती हाताने उतरवायच्या, शब्द न शब्द ताडून पाहायचा आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा, हे तुझे काम. तुझ्या नकलेत काना-मात्रेची चूक काढीन अशी मी पैज लावली होती. वर्षभराने मी तुला शेवभाजी खाऊ घातली. पुढे तुझी बदली जळगावला झाली, तू तिथलाच झालास, आणि गाण्यांच्या वेडापायी दहा-बारा जणांना गोळा करून तू हे चित्रपट मंडळ काढलेस.

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी मी धुळ्याहून पहिल्या गाडीने निघत असे. पारोळ्याला चहा, एरंडोलला पाय मोकळे करणे, आणि जळगावला तुझा हसरा चेहरा. चित्रपटाच्या पत्र्याच्या पेट्या आदल्या दिवशी रेल्वेच्या पार्सलने आलेल्या असत; त्या तू स्टेशनावरून स्वतः सायकलला बांधून आणायचास, हमालाला हात लावू द्यायचा नाहीस. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या टांगायच्या, मधोमध टेबलावर यंत्र, आणि यंत्रामागे स्टुलावर तू. अंधार झाला की यंत्राच्या फटीतून येणारा उजेड तुझ्या हनुवटीवर पडायचा. जगातले इतके देश मी त्या घोंगड्यांच्या आडोशाने पाहिले, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले आहेत. ते येथे मानतो आणि वादाकडे वळतो.

त्या चित्रपटाचे नाव मी लिहिणार नाही. माझ्या हातून त्याची जाहिरात होणे नाही. अमेरिकेतला जुना, संगीतप्रधान, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका गीतकाराच्या आयुष्यावरचा. नायक गरीब, केस कुरळे, डोक्यात सतत सूर. एकदा तो नदीच्या धक्क्यावर जातो. तिथे काळे हमाल बोटीत कापसाच्या गाठी चढवत असतात. ("गाठी आपल्या जिनिंगसारख्याच बांधल्यात हो!" असे कोणीतरी कौतुकाने म्हणालेही.) त्यांतला एक हमाल ओझे वाहता वाहता गात असतो आणि बाकीचे साथ देतात, अगदी संथ, पावलागणिक एक सूर. नायक खांबाला टेकून ऐकतो आणि मांडीवर थाप मारतो. पुढच्या दृश्यात तो घरी पियानोशी बसलेला असतो, आणि तेच सूर दुडक्या चालीत धावू लागतात. त्यापुढच्या दृश्यात नाटकगृह. रंगमंचावर वीस गोरे पुरुष, तोंडाला काजळी फासलेली, ओठांभोवती पांढऱ्या रंगाचे रुंद कडे, डोळे गरगर फिरवत, गुडघे उडवत तेच गाणे म्हणत आहेत. प्रेक्षक टोप्या उडवत आहेत. मधूनमधून मळ्यांवरचे गुलाम दिसतात; तेही डोलत, हसत, जणू गुलामगिरी म्हणजे हुरड्याची सहल. शेवटी नायकाचे नाव झळकते. तो हमाल पुन्हा दिसत नाही.

मी उठलो. मी उठलोच असतो, हे तुला माहीत होते.

"थांबवा! दिवे लावा!"

"नाना, खाली बसा, गाणं चाललंय," मागून आपले दंतवैद्य म्हणाले.

"गाणं नाही, बेअब्रू चालली आहे! एका अख्ख्या समाजाची, आणि तीही तालावर!"

"अहो नाना, रावेरहून केळीची कटाई सोडून आलोय मी," अंधारातून आपले केळीबागायतदार सभासद ओरडले. "बेअब्रू तर बेअब्रू, पण पुरी पाहू द्या!"

हॉल हसला. तू हसला नाहीस. यंत्रही थांबवले नाहीस. माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणालास, "नाना, अजून दोन रिळं आहेत."

मी बाहेर जाऊन निंबाखाली उभा राहिलो. रागाच्या भरात पिशवी आतच राहिली हे खेळ सुटल्यावर लक्षात आले. परत आलो तेव्हा सगळे गेले होते. एका खिडकीची घोंगडी अर्धी उतरवलेली होती, आणि तू एकटाच यंत्राशी उभा होतास. तू रीळ मागे घेऊन पुन्हा लावले होतेस. पडद्यावर तेच हमाल, उजेडामुळे फिकट झालेले, आणि आवाज अगदी बारीक. तू ऐकत होतास. अर्ध्या मिनिटाचा तो तुकडा संपला, नायकाने मांडीवर थाप मारली, आणि त्या क्षणी तू खटकन यंत्र बंद केलेस. मग रीळ पुन्हा मागे घेऊ लागलास. मी पिशवी उचलून निघून गेलो. माणूस इतका निर्ढावतो कसा, असे माझ्या मनात आले. ते शब्द मी मनातच ठेवले, पण आले होते हे कबूल केले पाहिजे.

त्याच दिवशी एस.टी.त गुडघ्यावर वही ठेवून मी अकरा कलमांचे पत्र लिहिले. मूळ प्रत तुला. एकेक प्रत अध्यक्षांना, चिटणिसांना आणि ज्या संस्थेने चित्रपट पाठवला तिला. कलम एकमध्ये मी घटनेने दिलेल्या प्रतिष्ठेच्या हमीचा दाखला दिला होता. कलम तीनमध्ये विचारले होते, की ज्या माणसांची विक्री झाली त्यांच्या दुःखाचा नाच करून तिकिटे विकणे हे कोणत्या कायद्याने कला ठरते? कलम सहामध्ये, ज्या हमालाचे सूर उचलले त्याचे नाव चित्रपटात कोठेही नाही, श्रेयनामावलीतही नाही, यावर बोट ठेवले होते. आणि कलम नऊ असे होते: "खेळ संपल्यानंतर यंत्रचालकाने सदर चित्रपटाचा भाग खासगीत पुन्हा पाहिल्याचे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे, यावरून यंत्रचालकाची अभिरुची स्पष्ट होते." जयसिंग, हे वाक्य मी लिहिले. तुझ्या बाबतीत.

तुझे उत्तर पोस्टकार्डावर आले. ते माझ्याजवळ आहे, म्हणून शब्दशः देतो.

"आदरणीय नाना, आपले पत्र पोचले. कलम एक ते अकरा मान्य. तरी चित्रपट पुन्हा एकदा दाखवावा अशी विनंती करणार आहे. धक्क्यावरचे ते अर्धे मिनिट दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही. ते वाईटाच्या पेटीतूनच आले आहे. पेटी फेकली तर तेही जाईल. आपण त्या दिवशी सर्वांसमोर बोलावे. आपला, जयसिंग."

सर्व कलमे मान्य करून मागणी मात्र फेटाळणारा प्रतिवादी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी एका ओळीचे उत्तर पाठवले: खेळ रद्द होईपर्यंत मी हॉलची पायरी चढणार नाही. तू खेळ केलास. मी आलो नाही. त्या सकाळी काय झाले ते मला दंतवैद्यांनी नंतर सांगितले. खेळाआधी तू यंत्रामागून उठून पुढे आलास, खिशातून माझे पत्र काढलेस आणि अकराच्या अकरा कलमे स्वच्छ आवाजात वाचून दाखवलीस. कलम नऊही गाळले नाहीस. "स्वतःविरुद्धचं कलम वाचताना तर आवाज जास्तच स्वच्छ होता," असे ते म्हणाले. मग म्हणालास, "हे बरोबर आहे. आता पाहा. आणि धक्क्यावरचं गाणं येईल तेव्हा फक्त ऐका." केळीवाले सभासद त्या दिवशी काहीच ओरडले नाहीत म्हणे.

तरीही मी सात महिने तुझ्याशी बोललो नाही. त्या सात महिन्यांचा हिशेब कोणाकडे मागू?

हिवाळ्यात तू स्वतःच धुळ्याला आलास, हातात तीन हिरवी वांगी घेऊन. "नाना, जळगावची आहेत. भरीत करायला सांगा. भांडण जेवल्यावर करू." आमच्या हिने तुराट्यांवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. आपण अंगणात बसलो. पहिला घास घेईपर्यंतही मला धीर धरवला नाही.

"तू चुकलासच," मी म्हणालो.

"असेल. नाना, एक विचारू? त्या हॉलमध्ये त्या लोकांपैकी एक तरी माणूस होता का?"

"कोणत्या?"

"काळ्या लोकांपैकी. ज्यांच्या वतीने तुम्ही उभे राहिलात. तुमच्या हातात वकालतनामा कोणाचा होता?"

"अन्याय डोळ्यासमोर घडत असेल तर वकालतनामा लागत नाही!"

"डोळ्यासमोर घडला पाहिजे, एवढंच ना?"

"अर्थात."

"मग बरं," तू म्हणालास, आणि भरिताचे पातेले पुढे ओढलेस. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालास, "तुमचं कलम सहा मला फार आवडलं, नाना. त्या हमालाचं नाव कुठेच नाही ते."

"ते तर सगळ्यात भक्कम कलम आहे!"

"हो ना," तू म्हणालास आणि हसलास. माझ्याकडे पाहत राहिलास. जरा जास्तच वेळ, असे आता वाटते. तेव्हा मला वाटले, माणूस वरमला. मी विजयी मुद्रेने तुला आणखी एक भाकरी वाढायला लावली.

माझ्या बाजूने एक गोष्ट नोंदवायची आहे, ती सवलत म्हणून नव्हे. तुझे नाव ज्येष्ठता यादीत खाली सरकवले गेले तेव्हा मी भांडलो होतो. सात अर्ज लिहिले, तीन वेळा स्मरणपत्रे पाठवली, आणि तुझा क्रमांक तुला परत मिळवून दिला. तू पेढे घेऊन आलास आणि म्हणालास, "नाना, तुमच्या पत्रांना उत्तरं द्यायला सरकारला वेगळा कारकून नेमावा लागेल. ती जागा तरी आम्हाला राखीव ठेवायला सांगा." आपण दोघे पोट धरून हसलो होतो. तुझ्यावर कोणी अन्याय केला तर तो मला दिसतो, याचा मला अभिमान होता. दुसऱ्याने केलेला लगेच दिसत असे.

गेल्या रविवारी मी जळगावला गेलो. हॉलवर नाही, तुझ्या घरी. सखूवहिनींनी चहा दिला आणि आतून एक फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांचे माहेर शिरपूरकडचे. पंचवीस वर्षे जळगावात राहूनही त्या घरात अहिराणीच बोलतात.

"नाना, ह्या बठ्ठा कागद तुम्हनाच शेतस. लई जा."

माझी सगळी पत्रे होती. तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर तुझ्या हातचा क्रमांक. रागाची, लोभाची, लग्नाच्या आमंत्रणाची, एस.टी.च्या वेळापत्रकावरच्या तक्रारीची प्रतही. मी अकरा कलमांचे पत्र शोधले. ते होते. आणि त्याच्या मागे, त्याच टाचणीने जोडलेला, एक पिवळा पडलेला छापील कागद होता. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, तुझ्या नक्कलनविसाच्या बारीक अक्षरात, 'नि. १'.

जे कोर्टात गेलेले नाहीत त्यांना सांगतो, 'नि.' म्हणजे निशाणी. पुरावा म्हणून जोडलेल्या कागदावर ती खूण करतात.

तो कागद धुळ्याच्या आमच्या कोर्टातल्या कर्मचारी स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका होता. तू नोकरीला लागलास त्या वर्षीची. कार्यक्रम चौथा: 'रानातले आनंदी जीव', भिल्ल नृत्य. खाली नाचणाऱ्या पाच कारकुनांची नावे. सगळे शहरातले, सगळे आमच्यासारख्या घरांतले. मग: 'कल्पना, दिग्दर्शन व रंगभूषा', आणि पुढे माझे नाव. मग: 'संगीत, कार्यालयातील हौशी मंडळी.' बस्स.

चहा निवत गेला. मला सगळे आठवले, जयसिंग. ते विसरलो होतो म्हणणेही खरे नाही. ते मला लक्षात ठेवण्यासारखेच वाटले नव्हते.

आम्हाला 'अस्सल' गाणे हवे होते. कोणी म्हणाले, तो नवा नक्कलनवीस तिकडचाच आहे. मधल्या सुटीत मी तुला दफ्तरखान्यात बोलावले. कापडात बांधलेल्या जुन्या खटल्यांच्या दफ्तरांमध्ये तू उभा राहिलास, एक हात मांडणीवर ठेवलास आणि गायलास. फार संथ होते ते. एक सूर वर चढायचा आणि तिथेच थांबून राहायचा, खाली यायचे विसरल्यासारखा. मला शब्द कळले नाहीत आणि मी विचारलेही नाहीत. मी म्हणालो, "वा! पण लय जरा वाढव. मोठे साहेब येणार आहेत, झोपतील."

"नाना, यावर नाचता येणार नाही," तू म्हणालास.

"येईल. मी बसवतो." आणि मी टेबलावर थापा मारून लय दाखवली. तू माझ्या थापांवर गायलास. मी पुन्हा म्हणालो, "अजून." तू पुन्हा वाढवलीस.

संमेलनाच्या दिवशी काजळीत खोबरेल कालवून पाच जणांची तोंडे मी स्वतः रंगवली. कमरेला पाला, डोक्यात पिसे, ओठांभोवती पांढरा रंगसुद्धा. तो का, ते मला आजही सांगता येणार नाही, कोणी मला तसे शिकवले नव्हते. तुझ्याकडे वळलो आणि थांबलो. तू त्यांच्या रांगेत विजोड दिसत होतास. तुझा रंग आमच्या काजळीइतका काळा नव्हता. खरा माणूस सोंगांशेजारी खोटा दिसला असता. म्हणून मी म्हणालो, "जयसिंग, तू पडद्यामागून गा." तू पडद्यामागून गायलास. साहेब झोपले नाहीत. टाळ्या पडल्या. आभार मानताना मी सर्वांची नावे घेतली, चहावाल्याचेसुद्धा. पत्रिकेत जे नाव नव्हते ते माझ्या तोंडीही आले नाही.

सखूवहिनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांना तो ठाऊक होता.

"त्यासनी मायनं गानं व्हतं ते," त्या म्हणाल्या. "धाकला पोऱ्या गया तवय ती म्हने."

तुझ्या आईचे. धाकटा मुलगा गेला तेव्हा ती ते म्हणायची. त्यावर मी पाच कारकून नाचवले.

"त्याने मला कधी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"त्यासनी परत कधी म्हनंच नही ते. मी कधी ऐकं नही. इचारं तं म्हनेत, नानाले याद व्हई." नानाला आठवत असेल, असे तू म्हणायचास. वहिनींनी पदराने कप पुसला. "तुम्ही ऐकेल शे ना, नाना? कसं व्हतं?"

जयसिंग, पस्तीस वर्षे मी न्यायासनाखाली बसलो, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तुझी आई गेली. तू गेलास. तुझ्या बायकोने ते ऐकलेले नाही. ते गाणे त्याच्या मूळ लयीत ज्याने ऐकले असा एकच माणूस आता उरला आहे, आणि तो म्हणजे ज्याने ते बिघडवले तो. मला दोन्ही लयी आठवत होत्या. लाजेची गोष्ट अशी, की धावणारी आधी आठवली.

आणि मग चित्रपटातला तो नदीचा धक्का आठवला. तू रिकाम्या हॉलमध्ये रीळ मागे घेत होतास. मांडीवर थाप पडली की यंत्र बंद. थापेच्या आधीचे ते अर्धे मिनिट. मी कलम नऊ लिहिले त्या वेळी तू काय ऐकत होतास, हे मला इतक्या वर्षांनी तुझ्या ओसरीवर बसून कळले.

माझा राग आता सांगतो. तू ही निशाणी जोडलीस, क्रमांक दिलास, आणि दाखल केली नाहीस. भरिताच्या पातेल्यापलीकडून तू दोनदा दार उघडलेस आणि मी आत येत नाही हे पाहून हळूच लावून घेतलेस. का? मला लाज वाटू नये म्हणून? तो अधिकार तुला कोणी दिला? एका वाक्यात सांगितले असतेस तर मी चिडलो असतो, नाकारले असते, चार दिवसांनी सहा पानी पत्र लिहिले असते, आणि पाचव्या दिवशी जळगावला येऊन तुझ्यापुढे उभा राहिलो असतो. तेवढी ओळख तुला होती. तू मला तेवढी संधी द्यायला हवी होतीस. हे माझे म्हणणे मी सोडणार नाही. समोर असतास तर टेबल आपटून सांगितले असते.

पण टेबल आपटण्याबद्दल मी आता जपून बोलतो.

तर या वादाचे आजचे स्वरूप असे. अकरा कलमांपैकी एकही मी मागे घेत नाही. अपवाद कलम नऊ, ते पूर्णपणे व बिनशर्त रद्द. तो चित्रपट तेव्हा निंद्य होता आणि आजही निंद्य आहे. तो पुन्हा दाखवावा हे तुझे म्हणणेही मी आज मान्य करतो, उरलेल्या दहा कलमांसह. आणि बारावे कलम जोडतो: अर्जदाराने स्वतः, नोकरीत असताना, शुद्धीत असताना, हेच कृत्य केले आहे, पुरावा, निशाणी क्रमांक एक. कार्यक्रमपत्रिकेत पुढीलप्रमाणे दुरुस्ती वाचावी: 'गायन, जयसिंग. पडद्यामागून. गाणे त्याच्या आईचे.' तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ते वहिनींकडून घेऊन मी मूळ कागदावर शाईने लिहिले आहे. ते येथे छापण्याची परवानगी त्यांनी दिलेली नाही आणि मी ती मागण्याच्या योग्यतेचा नाही.

ओसरीवरचे राहिले. ऐकीव पुरावा ग्राह्य नसतो, हे मी जन्मभर लोकांना सुनावत आलो. पण सांगणारा हयात नसेल तर कायदाही दार थोडे किलकिले ठेवतो. मी वहिनींना म्हणालो, "मला गाता येत नाही."

"मंग काय व्हयनं? म्हना."

"शब्द नीट आठवत नाहीत."

"ऱ्हाऊ द्या. सूर म्हना."

मी चष्मा काढून फाइलीवर ठेवला. समोर रस्ता होता, एक सायकलवाला कुतूहलाने पाहत गेला. माझा आवाज फाटका, श्वास दम्याचा. पहिला सूर चुकला. दुसऱ्यांदा धरला आणि तो वर चढून जिथे थांबायचा तिथे थांबलो. माझा उजवा हात आपोआप उठला होता, मांडीवर पडायला. मी तो डाव्या हाताने धरून ठेवला. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. दीड ओळ झाली असेल, जास्त नाही. पुढचे मला येत नाही. ते तुझ्याबरोबर गेले.

चुका पुष्कळ झाल्या, जयसिंग. ही खरी नक्कल आहे असा शिक्का तू मारला नसतास. पण लय मी वाढवली नाही.